झेपत नाही ते काम पुढे द्या, पण कमिशन आधी ठरवून

आमच्याकडे तेव्हा चार कारागीर, रंगकामाचे दोन घोडे (फळी टाकून वर उभं राहायचे स्टँड) आणि एक लांब शिडी होती. ज्यांचं घर आम्ही आदल्या वर्षी रंगवलं होतं त्या बाई एक दिवस म्हणाल्या, "आमच्या ऑफिसची अख्खी इमारत बाहेरून रंगवायची आहे. १२ मजले. तुम्हीच करा." मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. "बघतो," म्हणालो आणि चार दिवस नुसता बघत बसलो. पाचव्या दिवशी त्यांनी काम दुसऱ्या कुणाला तरी दिलं होतं.

काम गेल्याचं दुःख नव्हतं, ते झेपणारं नव्हतंच. पण त्या चार दिवसांत एखाद्या मोठ्या कंपनीला एक फोन केला असता तर बाईंची शोधाशोध वाचली असती, कंपनीला काम मिळालं असतं आणि एका छोट्या घराच्या कामात जेवढे सुटतात तेवढे पैसे मला ब्रश न भिजवता मिळाले असते. त्यानंतर मी अशी कामं पुढे द्यायला लागलो. दोनदा चांगलाच फसलो, बाकी बरं चाललंय. उदाहरणं रंगकामातली देतोय, कारण मला तेच येतं. पण वेबसाइट बनवणारे, छपाईवाले, सामान हलवणारे, साफसफाईची कामं घेणारे, भाषांतर करणारे, सगळ्यांचं गणित थोड्याफार फरकाने असंच असतं.

आधी ओळखा: काम खरंच मोठं आहे का?

नवा माणूस फक्त हात मोजतो. माझ्याकडे चार माणसं, कामाला लागतील पंधरा, म्हणजे काम मोठं. पण माणसं मिळतात हो, अडतं ते पैशात. मोठे ग्राहक महिन्याचं काम झालं की बिल घेतात आणि बिलानंतर ३०, ६०, कधी ९० दिवसांनी पैसे देतात. ६० दिवसांची मुदत धरा. पहिल्या महिन्याचं बिल महिन्याच्या शेवटी गेलं, तर पहिला पैसा हातात पडेपर्यंत कामाला तीन महिने झालेले असतात. तोवरची मजुरी, रंग, परांचीचं भाडं सगळं तुमच्या खिशातून.

त्यात अनामत. बांधकामाच्या आणि त्याला लागून असलेल्या कामांत ग्राहक प्रत्येक बिलातून सहसा ५ ते १० टक्के कापून ठेवतो आणि दोषदुरुस्तीची मुदत, म्हणजे बऱ्याचदा एक वर्ष, संपल्यावर देतो. तुमचा नफाच १० टक्के असेल आणि अनामतही १० टक्के कापली गेली, तर काम संपल्यावर तुमचा सगळा नफा वर्षभर दुसऱ्याच्या तिजोरीत. मोठी कंपनी हे सोसते, कारण तिच्याकडे जुन्या कामांची अनामत येत असते. आपल्याकडे जुनं काही येत नसतं.

बाकीच्या खुणा कागदावरच दिसतात. कामगारांचा विमा मागितलाय, उंचीवरच्या कामाचं प्रशिक्षण मागितलंय, मागच्या तीन वर्षांची उलाढाल किंवा अशाच आकाराच्या कामाचा दाखला मागितलाय, उशीर झाल्यास दर आठवड्याला दंड आहे. यातलं एखादं जमवता येतं. तीन असतील तर तो गाव आपला नाही.

माझा स्वतःचा नियम असा: या एका कामामुळे बाकी सगळी कामं महिन्याहून जास्त अडणार असतील, किंवा पहिल्या बिलाचे पैसे येण्याआधी बँकेतल्या शिलकीच्या एक तृतीयांशाहून जास्त घालावं लागणार असेल, तर काम पुढे द्यायचं. हे शास्त्र नाही, तुमचा आकडा तुम्ही ठरवा. मात्र थोडंसंच मोठं काम असेल तर आळसापोटी ते पुढे देऊ नका. दोन माणसं रोजावर घ्या, आठवडा जास्त मागा आणि करा. धंदा वाढतो तो अशाच कामांतून.

उपठेका की रेफरल?

हे दोन शब्द लोक एकमेकांच्या जागी वापरतात आणि मग गोत्यात येतात. उपठेक्यात ग्राहकाशी करार तुमचा असतो. काम तुम्ही दुसऱ्याकडून करून घेता, मधला फरक तुमचा, पण भिंतीला ओल आली तर ग्राहक तुमच्या दारात उभा. रेफरलमध्ये करार ग्राहक आणि कंपनीमध्ये होतो. तुमचं नाव त्या कागदावर नसतं. वाटा लहान, पण भिंत तुमची नाही.

तिसरी एक वाट मला या दोन्हींपेक्षा आवडते: मोठं काम कंपनीला द्यायचं आणि त्यातला आपल्याला झेपणारा तुकडा परत मागायचा. बाहेरच्या भिंती तुम्ही करा, आतले दरवाजे-खिडक्या आम्हाला द्या. कमिशन थोडं कमी घ्यावं लागतं, पण तुकड्याच्या कामात सुटतं ते सहसा कमिशनपेक्षा जास्त असतं. शिवाय आपली माणसं मोठ्या साइटवर वावरतात, झुला (उंच भिंतीवर लटकणारा पाट) कसा बांधतात, सामानाची नोंद कशी ठेवतात ते बघतात. माझ्या दोन पोरांनी दोर आणि पट्टा लावून काम करायचं तिथेच शिकून घेतलं.

कंपनी गरज पडण्याआधी शोधा

ग्राहक समोर बसलेला असताना कंपनी शोधायला निघालात तर जी मिळेल ती पत्करावी लागते. काम हातात नसतानाच्या दिवसांत दोन कंपन्या हेरून ठेवा. दोनच पुरे. पाच जणांना एकच काम सांगत सुटलात तर ग्राहकाला पाच फोन जातात आणि तुमची किंमत शून्य होते.

जाऊन भेटा आणि सरळ विचारा: तुम्ही कमीत कमी केवढं काम घेता? काम तुमची माणसं करतात की तुम्हीही पुढे देता? काम आणून देणाऱ्याला तुम्ही कसे पैसे देता? पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोन्यासारखं असतं. मोठ्या कंपन्यांना खालची मर्यादा असते, त्याखालची कामं त्यांना परवडत नाहीत आणि ती त्या रोज नाकारत असतात. तिथेच म्हणा, "ती नाकारलेली माझ्याकडे पाठवा." पहिल्या वर्षात माझा हिशेब असा झाला की मी त्यांना दोन कामं दिली आणि त्यांच्याकडून मला नऊ आली.

मग त्यांची चालू साइट बघायला जा, जमलं तर जेवणाच्या सुट्टीत. डब्यांची झाकणं लावलेली आहेत का, परांचीवर हत्यारं तशीच पडलीत का, खालून माणसं जाऊ नयेत म्हणून दोरी बांधली आहे का, हे कुणी न सांगता दिसतं. एखाद्या कारागिराजवळ बसून विचारा, "पगार वेळेवर होतो का?" तो क्षणभर थांबला तर समजून जा. जो आपल्या मजुराला वेळेवर देत नाही तो तुम्हाला, ज्याने त्याच्या साइटवर एक विटकरसुद्धा उचललेली नाही, कमिशन वेळेवर देईल ही आशा सोडा. माल पुरवणाऱ्या दुकानदाराला विचारलंत तर तोही पाच मिनिटांत सगळी कुंडली सांगतो.

आणि बोलणं मालकाशी किंवा ज्याला सही करायचा अधिकार आहे त्याच्याशी करा. पगारी विक्रेत्याला स्वतःचं टार्गेट असतं. तुम्ही आणलेला ग्राहक त्याच्या नावावर चढला की तो तुमच्या नावावर परत येत नाही.

नाव सांगण्याआधी ठरवा

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

माझी पहिली फसगत. एका गोदामाचं काम होतं. मी उत्साहाने कंपनीला फोन केला, ग्राहकाचं नाव, पत्ता, नंबर सगळं सांगून टाकलं आणि शेवटी म्हणालो, "आमचं काय ते बघा." समोरून उत्तर आलं, "अहो, बघू की, तुम्ही आपलेच आहात." महिन्याने काम सुरू झालेलं दिसलं. फोन केला तर म्हणाले, "ते तर आमचे जुने ग्राहक, दोन वर्षांपूर्वी त्यांनी आमच्याकडून कोटेशन घेतलं होतं." खरं होतं की खोटं, मला आजही माहीत नाही. माझ्याकडे दाखवायला कागदाचा एक कपटा नव्हता. दलालीच्या वादांत न्यायालयं, विशेषतः इंग्रजी कायद्याची परंपरा असलेल्या देशांत, हे पाहतात की सौदा जुळायला खरं कारण कोण ठरलं. पण ते सिद्ध करायलाही आधी दलाली ठरली होती हे दाखवावं लागतं, आणि तेही वकिलाची फी भरून. तेवढी रक्कम बहुतेक वेळा पणाला लागलेली नसतेच.

म्हणून आता मी आधी काम सांगतो, नाव नाही. "एका गोदामाचं बाहेरचं काम आहे, साधारण ४०,००० स्क्वेअर फूट, दोन महिन्यांत सुरू करायचंय. घेणार का? घेणार असाल तर अटी ठरवू." अटी लिहून झाल्या, समोरून "मान्य" असं उत्तर आलं, की मग नाव. वकिली भाषेत दहा पानं लागत नाहीत. एक ईमेल पुरते, पण त्यात पुढच्या गोष्टी हव्यात.

टक्के कशावर? टक्क्याच्या आकड्यावर सगळे घासाघीस करतात आणि तो कशाचा टक्का हे विचारतच नाहीत. समजा ५ टक्के ठरले आणि करासकट कोटेशन १० लाखांचं आहे, चलन कुठलंही धरा. कोटेशनवर घेतले तर ५०,००० होतात. त्यातला दीड लाख कर आहे, तो वगळला तर ४२,५००. मधेच ग्राहकाने मागची बाजू रद्द केली आणि कर वगळून शेवटचं बिल साडेसात लाखांचं झालं, तर ३७,५००. कंपनी म्हणाली की मालावर कमिशन नाही, फक्त मजुरीवर, आणि माल तीन लाखांचा निघाला, तर २२,५००. आणि तुम्ही "नफ्याच्या ५ टक्के" कबूल करून बसला असाल आणि नफा १० टक्के असेल, तर ३,७५०. शब्द तोच, "५ टक्के". नफ्यावर कधीच ठरवू नका. त्यांचा नफा त्यांच्या वहीत असतो आणि ती वही तुम्हाला कुणी दाखवत नाही.

मी कर वगळून, ग्राहकाकडून प्रत्यक्ष आलेल्या रकमेवर घेतो. हप्ता आला की सात दिवसांत माझा भाग. कंपनीला हे पटतं, कारण स्वतःचे पैसे आल्याशिवाय तिला द्यावं लागत नाही. अनामतीत अडकलेल्या रकमेवरचा भाग वर्षभराने मागायला जाणं मला जमत नाही, म्हणून मी अर्धा टक्का कमी घेतो आणि शेवटच्या बिलाबरोबर हिशेब संपवतो. तुम्हाला वाट बघायला हरकत नसेल तर नका सोडू.

किती टक्के? कंपनीच्या जागी बसून बघा. तिला १० टक्के सुटत असतील आणि तुम्ही त्यातले ५ मागितलेत, तर तिने अर्धं ताट तुम्हाला वाढायचं. लहान कामावर जास्त टक्के आणि काम वाढेल तसे कमी, ही पद्धत दोघांनाही बरी पडते. कंपन्यांच्या खरेदी-विक्रीत मध्यस्थांसाठी लेहमन फॉर्म्युला म्हणून एक जुनी रीत आहे: पहिल्या १० लाखांवर ५ टक्के, दुसऱ्या १० लाखांवर ४, मग ३, मग २ आणि त्यापुढच्या सगळ्यावर १. तिथे हे आकडे डॉलरमध्ये असतात आणि व्यवहार प्रचंड, पण उतरत्या पायऱ्यांची कल्पना आपल्याला जशीच्या तशी उचलता येते.

मुदत. ओळख करून दिल्यापासून किती दिवसांत करार झाला तर कमिशन लागू? मी सहा महिने लिहून घेतो. मोठी माणसं निर्णयाला वेळ लावतात. आणि त्याच ग्राहकाने पुन्हा काम दिलं तर? पहिल्या करारापासून बारा महिने. मी एकदा हे लिहायला विसरलो, हीच माझी दुसरी फसगत. पहिलं काम किरकोळ होतं, एक मजला फक्त. तीन महिन्यांनी त्याच ग्राहकाने उरलेले सगळे मजले दिले. कंपनीची चूक नव्हती, कागदावर नव्हतंच.

जुना ग्राहक असल्याची अट. नाव कळल्यावर दोन कामकाजाच्या दिवसांत कंपनीने सांगायचं की हा आमचा आधीचा ग्राहक आहे, आणि तारखेसकट पुरावा दाखवायचा. दोन दिवस गेले की तो हक्क संपला.

आमचा मजकूर साधारण असा असतो:

"ठरल्याप्रमाणे: मी ओळख करून दिलेल्या ग्राहकाने ओळखीच्या तारखेपासून ६ महिन्यांत आपल्याशी करार केल्यास, ग्राहकाकडून मिळालेल्या रकमेवर कर वगळून ४ टक्के कमिशन, प्रत्येक हप्ता मिळाल्यापासून ७ दिवसांत. पहिल्या करारापासून १२ महिन्यांत त्याच ग्राहकाने दिलेल्या कामांनाही हे लागू. ग्राहक आधीचा असल्यास २ कामकाजाच्या दिवसांत पुराव्यासह कळवावे. कामाचा दर्जा, मुदत आणि हमी यांची जबाबदारी पूर्णपणे आपली. कमिशन मिळणार असल्याचं मी ग्राहकाला सांगणार आहे. मान्य असल्यास उत्तर द्यावे."

फोनवर ठरलं असेल तरी हे पाठवाच. "आत्ता बोललो त्याप्रमाणे" अशी सुरुवात केली की कुणाला अविश्वास दाखवल्यासारखंही वाटत नाही.

ग्राहकाला काय सांगायचं?

सगळं सांगायचं. नवखे इथे लाजतात. कमिशन घेतोय म्हणजे काहीतरी चोरून करतोय असं त्यांना वाटतं, आणि मग खरंच चोरून करतात. लपवलेलं कमिशन पुढे कसं अंगावर येतं याचं एक मोठं उदाहरण ब्रिटनमधलं आहे. तिथे गाडी विकणारे विक्रेते कर्ज जुळवून द्यायचे आणि कर्ज देणाऱ्या कंपनीकडून दलाली घ्यायचे. १ ऑगस्ट २०२५ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ग्राहकांचे बरेचसे मुद्दे फेटाळले, पण एका ग्राहकाच्या बाबतीत व्यवहार अन्यायकारक ठरवला. त्याच्या कर्जाच्या एकूण आकारणीच्या ५५ टक्के रक्कम दलालीची होती आणि त्याला ते नीट सांगितलेलंच नव्हतं.

माझं बोलणं साधारण असं होतं:

"मॅडम, हे काम माझ्या आवाक्याबाहेरचं आहे. मी घेतलं तर तुमचंही नुकसान आणि माझंही."

"मग?"

"एक कंपनी आहे, त्यांचं चालू काम मी स्वतः पाहून आलोय. तुमची हरकत नसेल तर तुमचा नंबर त्यांना देतो. काम ठरलं तर ते मला कमिशन देतील, हे आधीच सांगतो."

"म्हणजे तेवढं आमच्या बिलात चढणार?"

हा प्रश्न येतोच, आणि त्याचं उत्तर तयार हवं. कंपनी गिऱ्हाईक मिळवायला जाहिरातीवर, विक्रेत्यांवर खर्च करतच असते आणि कमिशन त्याच खर्चातून जातं, हे खरं आहे. पण नुसत्या शब्दावर कुणी का विश्वास ठेवावा? म्हणून मी सांगतो, "दुसऱ्या कुणाचंही कोटेशन घ्या आणि ताडून बघा. महाग वाटलं तर नाही म्हणा, मला वाईट वाटणार नाही." आजवर एकाच माणसाने खरंच दुसरीकडे काम दिलं. त्यानेच पुढच्या वर्षी स्वतःच्या भावाचं घर आमच्याकडे आणलं.

नंबर द्यायच्या आधी परवानगी घ्या हे वर आलंच. शिष्टाचार म्हणून तर घ्याच, पण वैयक्तिक माहितीचे कायदे आता अनेक देशांत आहेत. युरोपात जीडीपीआर २०१८ पासून लागू आहे. एका ओळीचा मेसेज पुरतो: "आपला नंबर अमुक कंपनीला देऊ का?" आणि त्यावर आलेलं "हो" जपून ठेवा.

काम सोपवताना

नुसता नंबर पाठवणाऱ्याला कंपनी २ टक्के देते, तयार काम आणून देणाऱ्याला ४ द्यायलाही ती कुरकुरत नाही. फरक तासाभराच्या मेहनतीचा आहे. साइटवर जा, बघा, लिहा. मी गोदामाच्या दुसऱ्या एका कामाला पाठवलेली टिपण जवळजवळ जशीच्या तशी देतो:

"बाहेरच्या चार भिंती, उंची अंदाजे ९ मीटर. पश्चिमेच्या भिंतीवर रंगाचे पापुद्रे सुटलेत, हाताने ओढले तर निघतात, खाली प्लास्टर पोकळ वाजतं. वळचणीखाली दोन आडवे तडे. छताच्या पाण्याचा पाइप तिथेच फुटलाय, तो दुरुस्त झाल्याशिवाय रंग टिकणार नाही, ग्राहकाला हे सांगितलं आहे. ट्रकची ये-जा सकाळी ६ ते ११, त्या वेळात पूर्वेच्या बाजूला परांची लावता येणार नाही. पाणी आणि वीज जागेवर आहे. निर्णय घेणारे: मालक स्वतः. पैशांपेक्षा मुदतीबद्दल जास्त काटेकोर. फोन दुपारी ३ नंतर."

शेवटच्या तीन वाक्यांना कंपनीच्या लेखी सगळ्यात जास्त किंमत असते. पाइप फुटलाय हे त्यांचा इंजिनिअरही शोधेल, पण मालकाला फोन कधी करायचा हे तुमच्याशिवाय कुणाला माहीत नाही. फोटो जोडा. दर मात्र लिहू नका, "साधारण एवढ्यात होईल" असं ग्राहकालाही सांगू नका. तुमचा अंदाज आणि त्यांचं कोटेशन यात फरक पडला की दोघंही तुमच्याकडे बोट दाखवतात.

पहिली ओळख तिघांच्या एकाच मेसेजमध्ये किंवा एकाच ईमेलमध्ये करून द्या. तारीख, वेळ, नावं सगळं एका जागी राहतं आणि पुढे वाद झाला तर तोच तुमचा पुरावा. त्यानंतर बाजूला व्हा. भावाच्या घासाघिशीत मध्ये पडलात तर एका बाजूचे होऊन बसाल. मी दोनदाच फोन करतो: आठवड्याने ग्राहकाला, "ते येऊन गेले का?" आणि महिन्याने कंपनीला, "काय ठरलं?"

पैसे आणि हिशेब

काम ठरलं की कराराची रक्कम आणि हप्त्यांच्या तारखा लेखी मागून घ्या. प्रत्येक हप्त्याच्या वेळी तुमचं बिल पाठवा. न मागता आपणहून येणारे पैसे मी तरी पाहिले नाहीत. कमिशन हे उत्पन्न आहे, त्यावर तुमच्या देशात जो कर असेल तो लागतो, आणि काही ठिकाणी देणारा आधीच कर कापून देतो. रोख आणि बिनबिलाचं घेऊ नका. कंपनीला तो खर्च दाखवता येत नाही, म्हणून पुढच्या वेळी ती टाळाटाळ करते.

वहीत माझे सात रकाने आहेत: ग्राहक, कंपनी, ओळखीची तारीख, सहा महिन्यांची शेवटची तारीख, करार रक्कम, आलेलं, यायचं. सातवा रकाना दर महिन्याच्या एक तारखेला वाचतो.

कुठे हात लावायचा नाही

काही धंद्यांत ओळखीचे पैसे घेणं बेकायदा किंवा व्यवसायाच्या नियमांविरुद्ध असतं. भारतात डॉक्टरांसाठी २००२ च्या आचारसंहितेत रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन घेण्या-देण्याला मनाई आहे. अमेरिकेत घराच्या कर्जाशी निगडित सेवांमध्ये नुसतं गिऱ्हाईक पाठवल्याबद्दल पैसे देणं १९७४ च्या रेस्पा कायद्याने बंद केलं. वकिली, विमा, गुंतवणूक यांचे नियम देशोदेशी वेगळे आहेत, तिथे पाऊल टाकण्याआधी विचारून घ्या.

सरकारी टेंडरपासून मी चार हात लांब राहतो. आणि एक रेघ रंगकामातही पाळावी लागते: ग्राहक कंपनीतल्या ज्या कर्मचाऱ्याच्या हातात निर्णय आहे, त्याला आपल्या कमिशनमधून मालकाच्या नकळत हिस्सा द्यायचा नाही. त्याला कमिशन म्हणत नाहीत, लाच म्हणतात, आणि ब्रिटनचा २०१० चा लाचविरोधी कायदा तर खासगी कंपन्यांमधल्या अशा देवघेवीलाही गुन्हा मानतो. तुम्ही स्वतः कुठे नोकरीला असाल आणि मालकाकडे आलेलं काम बाहेर वळवून पैसे घेत असाल, तर तेही याच खात्यात.

काम बिघडलं तर

कधीतरी बिघडणारच. करारात जबाबदारी त्यांची आहे, पण ग्राहक फोन तुम्हालाच करतो, कारण ओळख तुमची आहे. अशा वेळी "ते त्यांना विचारा" म्हणून फोन ठेवू नका, आणि "मी करून देतो" असंही म्हणू नका. पहिल्याने माणूस तुटतो आणि दुसऱ्याने भिंत तुमच्या गळ्यात पडते. मी जाऊन बघतो, फोटो काढतो, कंपनीच्या मालकाला पाठवतो आणि विचारतो, "माणूस कधी येतोय?" तारीख मिळाली की ती ग्राहकाला कळवतो आणि त्या दिवशी साइटवर चक्कर मारतो.

एकदा एका कंपनीने तीन तारखा दिल्या आणि तिन्ही पाळल्या नाहीत. मी ग्राहकाला म्हणालो, "तुमची अनामत अजून तुमच्याकडे आहे ना? मग ती सोडू नका." कंपनीचा मालक माझ्यावर भडकला, माझं उरलेलं कमिशन बुडालं. पण पुढच्या आठवड्यात त्यांची दोन माणसं लांबीचा (पुट्टीचा) डबा आणि ती लावायचे पत्रे घेऊन आली, भिंत खरवडली, तडे भरले, रंगाचे दोन हात मारले आणि गेली. त्या कंपनीचं नाव वहीतून खोडलं. ग्राहकाचं आहे.